कासवाच्या कवचाची डागडुजी

कासवाचे कवच म्हणजे जिवंत हाड. बरगड्या आणि पाठीचे मणके त्यात एकजीव झालेले असतात, वर केराटिनचा पातळ थर असतो. फुप्फुसे पाठीच्या ढालीला आतून लगटून असल्याने खोल तडा थेट तिथवर पोहोचतो. तरीही बराच काळ उपचार चालले ते फुटकी वस्तू सांधावी तसे.

1970च्या दशकात अमेरिकेतील पशुवैद्य फुटलेल्या कवचावर फायबरग्लास आणि इपॉक्सी वापरत होते. हे साहित्य होड्या बांधणाऱ्यांचे. ज्या होड्यांच्या पंख्यांनी कवचे फुटत, त्यांच्याच कारखान्यातले म्हणायला हरकत नाही. ठिगळ पाणी आत येऊ देत नसे, म्हणून पाणकासवांसाठी ते सोयीचे वाटले. पण आत राहिलेले जंतूही त्याखालीच कोंडले जात आणि वरून सारे ठीक दिसत असताना हाड सडे. वाढत्या वयाच्या कासवात कडक ठिगळामुळे कवच वेडेवाकडे होई.

पुढे जखम उघडी ठेवून धुण्यावर भर आला. कासवाला बहुतेक वेळ कोरड्या जागी ठेवायचे आणि खाण्यापिण्यापुरते पाण्यात सोडायचे, असा क्रम ठरला. तुकडे जुळवायला तारा आणि स्क्रू आले. माणसांसाठी 1990च्या दशकात रुळलेली, जखमेतला स्राव पंपाने ओढून घेणारी पद्धत कासवांपर्यंत पोहोचली. मधाचे लेपही लावले जाऊ लागले. 2019 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या एका बचाव केंद्राने लोकांकडे चक्क ब्रेसियरचे हूक मागितले. तड्याच्या दोन्ही बाजूंना हूक चिकटवून त्यांत तार ओवली की तुकडे जवळ येतात. बरे झाल्यावर हूक काढून टाकता येतात. हाड भरायला मात्र अनेक महिने लागतात, कधी वर्षाहूनही अधिक.

समुद्री कासवांच्या उपचारांत फ्लोरिडाच्या मॅरेथॉन गावातील ‘टर्टल हॉस्पिटल’चे नाव मोठे आहे. रिची मोरेट्टी यांनी आपल्या मोटेलच्या आवारात 1986 मध्ये ते सुरू केले. बोटीच्या धडकेनंतर काही कासवांच्या शरीरात हवा कोंडते, मागचा भाग वर तरंगत राहतो आणि त्यांना बुडी मारता येत नाही. अशांच्या कवचावर वजने चिकटवतात. केराटिनचे थर गळतात तशी वजनेही सुटतात आणि पुन्हा लावावी लागतात. त्यामुळे ही कासवे समुद्रात परत सोडता येत नाहीत, मत्स्यालयातच ठेवावी लागतात.