बावन्न हक्क आणि एक जपानी सनद

महारांना बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले, ही कथा आपल्या वाडवडिलांनी जपली. अमृतनाक बादशहाच्या बेगमेला सोडवून आणतो. पुढे संशय येईल म्हणून निघण्यापूर्वीच स्वतःचे पुरुषत्व कापून मोहोरबंद डबीत ठेवून जातो, आणि बक्षिसादाखल स्वतःसाठी नव्हे, जातीसाठी हक्क मागतो. मूळ सनद इतिहासाच्या हाती नाही. आहेत त्या कथा आणि याद्या. नागपूरकडील वाचकाला हे देशावरचे प्रकरण वाटेल. इकडचा महार बहुधा जाडेभरडे कापड विणणारा, 1877 नंतर एम्प्रेस मिलमध्ये शिरलेला. तरीही मेलेले ढोर त्याच्याही वाट्याला होतेच.

जपानात अशीच एक सनद होती. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, गुन्हेगारांना देहान्त देणे ही कामे तेथे 'एता' म्हणून हिणवलेल्यांच्या माथी होती. त्यांचा पूर्वेकडील प्रमुख एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, राही. 'दान्झाएमोन' हे त्याचे वंशपरंपरागत नाव. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने सरकारदरबारी कागद पुढे केला : मिनामोतो योरितोमोने 1180 मध्ये आमच्या पूर्वजाला अठ्ठावीस धंद्यांवर अधिकार दिला. त्या साली योरितोमोचे बंड नुकतेच उभे राहिले होते. शोगुनपद त्याला 1192 मध्ये मिळाले. संशोधक ही सनद बनावट मानतात.

लबाडी खरीच. परंतु ज्या राज्यात माणसाचे माणूसपण पुरावा ठरत नाही, तेथे जुन्या राजाचा शिक्का शोधावा लागतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मात्र तेवढ्यावर दान्झाएमोनला सोडून देता येत नाही. त्याच्या हाताखाली 'हिनिन' होते. शब्दाचा अर्थच 'माणूस नव्हे तो'. 1719 मध्ये त्यांच्या नायकाने ही हुकमत नाकारली आणि 1722 मध्ये निकाल दान्झाएमोनच्या बाजूने लागला. आपल्याकडे पेशवाईच्या दप्तरात महार-मांगांचे हक्कांचे तंटे आहेत, ते वाचताना हिनिनांची आठवण होते. हक्क कसले? मेलेले ढोर, प्रेतावरचे कापड, दारोदारची भाकर! गुलामीच्या कामाला हक्क म्हणायला लावणे ही मूळ फसवणूक, आणि ती करणारा ना अमृतनाक ना दान्झाएमोन.

1922 मध्ये क्योतोत सुइहेइशा ही संघटना उभी राहिली ती योरितोमोचा आधार न घेता. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. आपल्याच काही माणसांना वतन सोडवत नव्हते, हे त्यांना ठाऊक होते.

जपानात 1871 च्या फर्मानाने हीन दर्जा कायद्याने गेला, त्याबरोबर कातड्याचा मक्ताही गेला आणि गरिबी वाढली. आपल्याकडे वतन 1958 च्या कायद्याने गेले; जमीन रक्कम भरून परत मिळायची होती आणि परवानगीशिवाय विकता येत नव्हती. ती आज कोणाच्या नावावर आहे, याचे फेरफार कार्यकर्त्यांनी तलाठ्याकडे जाऊन गावोगाव तपासावेत. बेदरच्या सनदेपेक्षा हे कागद सापडायला सोपे आहेत.