धुराड्याची नोंद

धुराड्याची नोंद : कारखान्यातील प्रत्येक धुराड्याची (चिमणीची) मापे, त्याला जोडलेली भट्टी वा बॉयलर, इंधन आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान, वेग व धूलिकण यांचे उत्सर्जन-अहवालासाठी ठेवलेले टिपण. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्या आणि बगॅसवर बॉयलर चालवणारे साखर कारखाने यांमुळे ही नोंद फार महत्त्वाची ठरते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचे नाव आहे.

कायदेशीर आधार : १९८१ च्या हवा प्रदूषण अधिनियमाखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला संमतिपत्र देते. त्यात प्रत्येक धुराड्याची उंची, इंधन, प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा व उत्सर्जनाची मर्यादा लिहिलेली असते. ‘एस-१’, ‘एस-२’ असे क्रमांक धुराड्यांवर रंगवावे लागतात. नमुना घेण्यासाठी शिडी, मचाण व पोर्टहोल ठेवावे लागते. वार्षिक पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे असते.

मर्यादा : ताशी ३ टनांपेक्षा कमी क्षमतेच्या कुपोला भट्टीला धूलिकणांची मर्यादा दर सामान्य घनमीटरला ४५० मिलिग्रॅम, तर त्याहून मोठ्या कुपोलाला आणि इंडक्शन भट्टीला १५० मिलिग्रॅम आहे. कुपोलाचे धुराडे माल भरण्याच्या दाराच्या वर, भट्टीच्या व्यासाच्या किमान ६ पट असावे लागते.

मोजणी : पोर्टहोल शक्यतो वळणापासून वा पंख्यापासून व्यासाच्या ८ पट पुढे आणि धुराड्याच्या तोंडापासून २ पट अलीकडे असावे, तेथे वायूचा प्रवाह स्थिर असतो. पिटो नळीने वेग मोजतात. समजा, आतील व्यास १ मीटर, वेग सेकंदाला १० मीटर व तापमान १५० अंश सेल्सिअस आहे. क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर, म्हणून ताशी प्रवाह सुमारे २८,३०० घनमीटर. २५ अंशांवर आणल्यास तो १९,९०० भरतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. तो धरल्यास प्रवाह १८,७०० च्या घरात येतो (वायूतील बाष्प येथे धरलेले नाही). धूलिकण १५० मिलिग्रॅम असतील, तर ताशी सुमारे २.८ किलो धूळ हवेत जाते.

दक्षता : व्यास बाहेरून मोजला, आतील विटांचे अस्तर वगळायचे राहिले आणि आकडा १० टक्क्यांनी फुगला, तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी फुगते आणि ती चूक दरवर्षीच्या अहवालात उतरत राहते. अस्तर, भट्टी, इंधन वा बॅग फिल्टर बदलल्यास नोंदही बदलली पाहिजे. साखर कारखान्यात मोजणी गाळप चालू असताना, बॉयलर नेहमीच्या भारावर असतानाच करावी. उत्सर्जनाचा आकडा धुराड्याच्या मापाइतकाच खरा असतो. म्हणून व्यास आतून मोजावा आणि मोजल्याची तारीख नोंदीत लिहावी.