कोरडे आणि सुके : खारेपाटातील एक अर्थभेद

मराठी समीक्षेची परिभाषा पाण्यावर पोसलेली आहे. रस, ओलावा, जिवंत झरा ही तिची प्रशस्तिपदे; रुक्ष, शुष्क, कोरडे ही दोषपदे. या मूल्यव्यवस्थेमागे रससिद्धान्ताइतकाच पावसाची वाट पाहणारा शेतकरीही उभा आहे. आज जेथे नवी मुंबई वसली आहे त्या पनवेल-उरण किनारपट्टीचा भाषिक अनुभव मात्र या व्यवस्थेत मावत नाही.

आगरी समाजाचे नावच मिठागराशी जोडले जाते. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, खणाखणांतून फिरवीत उन्हावर आटवायचे आणि पावसाआधी मीठ उचलायचे, असा हा व्यवसाय. येथे शुष्कता ही उत्पादनाची रीत आहे आणि अवेळी पाऊस ही आपत्ती. त्याच किनाऱ्यावर सुकट, सुके बोंबील ही पावसाळ्याची बेगमी. मासळी ‘सुकी’ असते. तिला ‘कोरडी’ कोणी म्हणत नाही. उलट शेती कोरडवाहू, विहीर कोरडी, दुष्काळ कोरडा. ‘सुके’ या शब्दात निघून गेलेल्या पाण्याची स्मृती आणि ते घालविणारे श्रम असतात. ‘कोरडे’ बहुधा अभाव नोंदविते. (‘कोरडा शिधा’ हा अपवाद वाटेल; पण त्यातही पाणी पडायचे बाकी असते.) शरीरापाशी ही सीमा मोडते : घसा सुकतो आणि घशाला कोरडही पडते. मिठागरात तर ही तहान चहूकडे पाणी असतानाच लागते.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि येथील गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. १९७२च्या दुष्काळाने देशोधडीला लागलेली कुटुंबेही तुर्भे परिसरातील दगडखाणींवर आली. दुष्काळी कामांवर वाटल्या गेलेल्या ‘सुकडी’ची आठवण त्या पिढीपाशी आहे. गुजराती ‘सुखडी’शी त्या शब्दाचे नाते असावे; मराठी कानाला मात्र तो ‘सुक्या’च्याच कुळातला वाटतो. कोरड्या दुष्काळात माणसे जगली ती त्या अन्नावर.

जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. वाद जमिनीच्या मोलाचा होता. दर हंगामात सुकून पिकणाऱ्या खाऱ्या भूमीचे मोल एकदाच, एकरी दराने ठरविले जात होते. पुढे तिच्यावर भरणी पडली. २००२ साली महापालिकेने मोरबे धरण विकत घेतले. खाडीकाठच्या या शहराचे पिण्याचे पाणी आज मुख्यतः खालापूर तालुक्यातील त्या धरणातून येते.