दारूचें माप आणि गोळीचा नेम

साखरखेर्ड्याच्या रणांत इ. स. १७२४ मध्यें मुबारिजखान पडला व निजामुल्मुल्काचा दक्षिणेंत जम बसला, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. हें रणक्षेत्र चिखलीच्या आग्नेयेस आहे. अशा लढायांच्या वृत्तांतांतून कोण सरदार पडला तें कळतें. पण गोळी नेमकी लागावी म्हणून बंदूकवाला आपला बार कसा सिद्ध करी, तें सहसा कळत नाहीं. नेम हा केवळ डोळ्याचा व हाताचा गुण नसून भरणीचाही गुण आहे, आणि त्या भरणीचीं साधनें हीं दफ्तराइतकींच जपण्याजोगीं आहेत, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

तोड्याची बंदूक तोंडाकडून भरीत. शिंगड्यांतील दारू मापानें नळींत ओतावी, शिशाची गोळी गजानें ठासावी, कानाशीं रंजक घालावी व पेटता तोडा लावावा, असा क्रम असे. दारू कमीअधिक पडली कीं गोळीचा वेग बदले व ती खालींवर जाई. गोळी नळीहून फार लहान असली कीं वायु बाजूनें निसटे व गोळी नळीस आपटत बाहेर पडे. ओतींव गोळींत पोकळी राहिली तर भार एकीकडे होऊन ती मार्ग सोडी. सारांश, प्रत्येक बार मागच्या बारासारखाच असावा, हें नेमाचें पहिलें सूत्र होय.

दारूचा मुख्य घटक शोरा. युरोपांत पुढें स्थिरावलेल्या प्रमाणांत शंभर भागांत शोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असे. आईन-इ-अकबरींत मेहकर सरकारच्या वर्णनांत लोणारजवळ कांच व साबण यांच्या सामग्रीबरोबर शोऱ्याच्या कारखान्यांचाही उल्लेख असून त्यांपासून सरकारास चांगलें उत्पन्न होई, असें म्हटलें आहे. येथें मात्र सावधगिरी हवी. लोणार सरोवराचा खार मुख्यतः सोड्याचा व मिठाचा आहे. तो शोरा नव्हे. म्हणून एखाद्या कागदांत नुसता ‘खार’ शब्द आढळल्यास तो एकदम दारूखान्याकडे लावूं नये. शोरा खारट मातींतून काढीत. माती भिजवून तें पाणी आटवीत. द्राव निवतांना शोऱ्याचे स्फटिक आधीं बसतात व मीठ बहुतांशीं पाण्यांत राहतें. शोऱ्यांत मीठ राहून गेलें तर दारू ओल धरते, आणि ओली दारू दोनदां सारखी जळत नाहीं.

या ओलीचें भय १७१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांतही दिसतें. गडावरील दारूखाना घरांपासून दूर असावा व हवालदारानें ठराविक दिवसांनीं दारू बाहेर काढून तीस ऊन द्यावें, अशी तेथें शिस्त घातली आहे.

१८५७ सालीं गाजलेल्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांत मोजलेली दारू व गोळी एकाच कागदी पुडींत असे. माप शिपायाच्या हातून कारखान्यांत गेलें. आज परदेशांतील लांब पल्ल्याचे नेमबाज पुन्हां स्वतः दारू तोलून काडतुसें भरतात. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें. त्या प्रकारांतील बारीक काडतुसाचा स्फोटक मसाला कडेंतच असल्यानें तें पुन्हां भरतां येत नाहीं. तेथें निरनिराळ्या घाण्यांचीं काडतुसें झाडून पाहून आपल्या बंदुकीस मानवेल तो घाणा निवडतात. मार्ग वेगळा, सूत्र तेंच.

चिखली, मेहकर, सिंदखेड या बाजूच्या संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, दारूचें माप, गोळीचा सांचा, शिंगडा अशा वस्तु मोडींत घालूं नयेत व घराण्याच्या कागदांपासून तोडूं नयेत. मापांत किती दारू मावेल व सांच्याची गोळी केवढी, हें मोजून नोंदवावें. माप व गोळी एकाच बंदुकीचीं ठरलीं, तर तिच्या बाराचें प्रमाण काढतां येईल; हें बखरींतून मिळणारें ज्ञान नव्हे. मात्र जुनी दारू कोरडी राहिल्यास शतकांनंतरही पेटते व जुनी नळी भरलेली असूं शकते. म्हणून जाणत्याकडून तपासल्यावांचून तीस हात लावूं नये.