पायीं चालणाऱ्यांची मुंबई

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें, आणि तेथूनच मुंबईच्या अर्वाचीन नगररचनेचा इतिहास सुरू होतो असें म्हणावयास हरकत नाहीं. साथीचा धाक एवढा बसला कीं, १८९८ सालीं खास कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करण्यांत आला. रोग दाटींत, ओलींत व अंधारांत वाढतो, म्हणून वस्ती फोडावी आणि वारा आंत घ्यावा, ही त्या वेळची समजूत. उंदीर व पिसवा यांचा प्लेगशीं असलेला संबंध अद्याप सर्वमान्य झाला नव्हता. समुद्राची हवा शहराच्या पोटांत खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते जुन्या वस्त्या कापून काढले. नागपाड्यांत घरें पाडलीं.

ज्यांचीं घरें पडलीं ते गेले कोठें? बहुतेक शेजारच्याच चाळींत. गोदीवर किंवा गिरणींत ज्याचें पोट बांधलेलें, त्याला ट्रामचें भाडें रोज परवडत नसे. दोन पायांनीं पहाटे जेवढें अंतर तोडवेल, तेवढीच त्याची मुंबई. एका भागांतील दाटी मोडली, ती दुसऱ्या भागांत जाऊन बसली.

इकडे उत्तरेस दादर-माटुंग्याला ट्रस्टनें नवी वस्ती आंखली, आणि ती खरोखरच देखणी आंखली. रस्त्यांच्या कडेला झाडें, पायीं चालण्यास निराळी वाट, चौकाभोंवतीं पांच बागा, घरांभोंवतीं मोकळी जागा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं तर उजेडाचें गणितच मांडलें होतें: खिडकीसमोरील भिंतीचा माथा साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेवर जातां कामा नये, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून भिंत उंच नको. नियम साधा, शहाणपणाचा. त्याचा लाभ मात्र मुख्यतः कारकून, वकील, शिक्षक अशा मंडळींस झाला. फिरण्याची सुंदर वाट ज्यांना मिळाली, त्यांना चालणें हा व्यायाम होता. ज्यांना चालल्यावांचून गत्यंतर नव्हतें, ते परळ-लालबागच्या गल्ल्यांतच राहिले.

याचा हिशेब मृत्यूच्या नोंदींत सांपडतो. १९२१ सालीं एका खोलीच्या बिऱ्हाडांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागें आठशेंहून अधिक अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत हाच आंकडा दीडशेंच्या आंत होता. येथें एक सूट दिली पाहिजे. गिरणगांवांतील पुष्कळ बायका बाळंतपणास कोंकणांत किंवा घाटावर जात. जन्माची नोंद तिकडे होई आणि मूल दगावलें तर मृत्यूची नोंद मुंबईंत, त्यामुळें पहिला आंकडा फुगलेला आहे. पण ही सूट सढळ हातानें दिली तरी एवढी मोठी दरी बुजत नाहीं.

१९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत पॅट्रिक गेडीस हे समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. सरसकट पाडापाडीला त्यांचा कडवा विरोध होता. अगदीं मोडकळीस आलेलीं चारदोन घरें काढावीं, त्या जागीं लहानसा चौक ठेवावा, झाड लावावें, आणि रहिवासी जेथल्या तेथें राहूं द्यावे, असें त्यांचें सांगणें. मला तरी हाच वैद्य रोग्याची नाडी पाहणारा वाटतो.

सरकारनें मात्र निराळाच मार्ग धरला. १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें आणि वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें सिमेंट काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या. वरळीस जागा ऐसपैस होती; पण गिरण्या लांब, बाजार लांब, आणि भाडें कामगाराच्या ऐपतीबाहेरचें. तेथील पुष्कळशा चाळी कित्येक वर्षें ओस पडल्या. सविनय कायदेभंगाच्या चळवळींत त्यांपैकीं कांहींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यांत आला. त्याच सुमारास गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यांतील अंधाऱ्या खोल्यांतून मात्र एकेका चुलीभोंवतीं दोन-दोन बिऱ्हाडें नांदत होतीं.