न मोजलेले ब्लॉक

सगळ्यात भारी सेंटर कोण, या वादात मी बरीच वर्षं विल्ट चेंबरलेनच्या बाजूने होतो. १९६१-६२च्या मोसमात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण, त्यात एका सामन्यात तर १००! आणखी काय हवं? पण त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला बिल रसेल. मतं दिली होती खुद्द खेळाडूंनी, म्हणजे या दोघांशी मैदानात भिडलेल्यांनी. त्यांनी जे पाहिलं ते तक्त्यात नाही, कारण एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४मध्ये. रसेल १९६९लाच निवृत्त झाला होता.

त्याच्या नावावर निदान ११ विजेतेपदं आहेत. नेट थर्मंडकडे एकही नाही. १८ ऑक्टोबर १९७४ला, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, शिकागोकडून पहिल्याच सामन्यात त्याने २२ गुण, १४ रिबाउंड, १३ असिस्ट आणि १२ ब्लॉक केले. एनबीएच्या नोंदीतला हा पहिला क्वाड्रुपल-डबल. त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्या दहा मोसमांतले ब्लॉक मात्र कुठेच नोंदलेले नाहीत.

आता कुणी आकडे पुढे केले की मी आधी विचारतो, तेव्हा मोजत काय होते?