दारावरच्या पट्टीत नसलेला आकडा

1971 सालच्या फोर्ड एफ-100 पिकअपचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, की दाराच्या कडेवर एक लहानशी धातूची पट्टी दिसते. तिच्यावर गाडीचा नंबर असतो, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर असतं, रंग, गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलचे कोड असतात, इंजिनाची हॉर्सपॉवर असते आणि 'कमाल जी. व्ही. डब्ल्यू.' म्हणून एक वजन असतं. ही गाडी किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते, एवढं मात्र त्यात कुठेच नसतं.

मी हाच आकडा शोधत होतो. इथे ओहायोत ओळखीच्या एका गृहस्थांकडे असा ट्रक आहे आणि त्यांना 'अधिकृत' टोइंग कपॅसिटी हवी होती. काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं. आजच्या कुठल्याही पिकअपची जाहिरात बघा, ओढायचं वजन गाडीच्या नावाएवढ्याच मोठ्या टायपात असतं. पण मागे मागे जायला लागलं, की हा आकडा हळूहळू विरत जातो.

आधी पट्टीवर जो आकडा आहे तो बघू. जी. व्ही. डब्ल्यू. म्हणजे गाडी, इंधन, माणसं आणि हौद्यातला माल मिळून जास्तीत जास्त किती वजन चाकांवर पडलेलं चालेल, ते. आपल्याकडे आरसीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा तो हाच. दोन्हींची वजाबाकी केली की पाठीवर किती लादायचं ते कळतं. जुन्या काळी ट्रकची ओळखच या वजाबाकीवरून व्हायची. फोर्डने 1948 साली एफ-मालिका आणली, तेव्हा सगळ्यात लहान ट्रक होता एफ-1. 1953 साली त्याचा एफ-100 झाला. लोक त्याला म्हणायचे 'हाफ टन', कारण पाठीवर साधारण अर्धा टन माल घ्यायचा. प्रत्यक्षात तो पुढे त्याहून जास्त माल घेऊ लागला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हणजे ट्रक ही वाहून नेणारी वस्तू होती. ओढणं हे जोडकाम.

मग रस्ते झाले. 1956 च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली, सुट्ट्या आणि पगार दोन्ही वाढलेले होते आणि मध्यमवर्गीय कुटुंबं चाकांवरचं घर मागे बांधून रानोमाळ निघाली. साठच्या दशकात ट्रक कंपन्यांना या गिऱ्हाइकाचा सुगावा लागला. 1965 च्या सुमारास फोर्डने 'कॅम्पर स्पेशल' नावाचं पॅकेज काढलं, पण तेही मोठ्या एफ-250 वर, आणि मुख्यतः हौद्यात बसवायच्या कॅम्परसाठी. पुन्हा पाठीवरचंच ओझं.

त्या काळच्या पत्रकांत ट्रेलरचं वजन येतं, नाही असं नाही. पण ते एकटं कधीच येत नाही, अटींचं शेपूट घेऊन येतं. अमुक इंजिन असेल, तमुक अ‍ॅक्सल असेल, मोठा रेडिएटर असेल, हिच अमक्या प्रकारचा असेल, तर. शेपूट तोडून नुसता आकडा सांगायची सवय नंतरची. दोन एफ-100 शेजारी उभ्या केल्या, रंगसुद्धा एकच असला, तरी एकीचा अ‍ॅक्सल रेशो तीनच्या आसपास आणि दुसरीचा चारच्या जवळ असू शकतो. पहिली महामार्गावर निवांत पळेल, दुसरी चढावर जड ओझं खेचेल. म्हणून 'एफ-100 किती ओढते' हा प्रश्न 'मराठी माणूस किती जेवतो' इतकाच नेमका आहे. कुठला माणूस, कुठल्या कामावरून आलेला?

हॉर्सपॉवरवरही फार विसंबून चालत नाही. फोर्डच्या 360 घनइंची व्ही-8 ची पत्रकातली ताकद 215 हॉर्सपॉवर, पण ती 'ग्रॉस', म्हणजे पंखा, एअर फिल्टर, एक्झॉस्ट असली लोढणी काढून इंजिन टेबलावर ठेवून मोजलेली. 1972 च्या आसपास अमेरिकन कंपन्या 'नेट' मोजू लागल्या आणि तीच इंजिनं कागदावर एका रात्रीत अशक्त झाली. लोखंड तेच होतं.

आणि पट्टीवरच्या वजनाला तरी किती पवित्र मानायचं? 1975 साली फोर्डने एफ-150 आणला, जो आज जगप्रसिद्ध आहे. तो का आला? तेव्हाच्या नियमांनुसार 6,000 पौंडांहून कमी जी. व्ही. डब्ल्यू. असलेल्या ट्रकांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसं नसलेलं पेट्रोल चुकत नव्हतं. मग कंपनीने थोडा दणकट हाफ टन ट्रक तयार केला, 6,000 च्या किंचित वर बसणारा, आणि सुटका करून घेतली. म्हणजे दारावरचा आकडा काही प्रमाणात स्प्रिंगांनी ठरतो आणि काही प्रमाणात वकिलांनी. मला हा सगळ्या शोधातला सर्वांत मजेदार तुकडा वाटला.

तरी मुळात 'ओढू शकते' याचा अर्थ काय? 1947 चा एक फोटो प्रसिद्ध आहे: आल्फ्रेड लतूर्नर नावाचा फ्रेंच सायकलपटू एअरस्ट्रीमचा आख्खा चकचकीत ट्रेलर सायकलने ओढतोय. फोटो खरा आहे. सपाट रस्त्यावर, चांगल्या बेअरिंगवर, हळूहळू ओढायला फार काही लागत नाही. लागतं ते चढ चढायला आणि त्याहून जास्त, उतारावर थांबायला. कर्जतला आगगाडीला मागून जादा इंजिनं लावलेली ज्यांनी पाहिलीत, त्यांना भोर घाटाने हे कधीच शिकवलेलं आहे. सपाटीवर तीच गाडी एका इंजिनावर मजेत आलेली असते.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपन्यांची चढाओढ इतकी वाढली, की जो तो आपापल्या पद्धतीने मोजून दरवर्षी शेजाऱ्यापेक्षा शे-दोनशे पौंड जास्त छापू लागला. शेवटी 2008 साली अमेरिकेतल्या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, जे2807 नावाचं मानक प्रसिद्ध केलं. गाडीत दोन माणसांचं वजन धरायचं. ट्रेलरसकट शून्यावरून ताशी 60 मैल वेग 30 सेकंदांत गाठायचा. 12 टक्के चढावर थांबून पुन्हा निघून दाखवायचं, तेही पाच मिनिटांत पाच वेळा. आणि मुख्य परीक्षा अ‍ॅरिझोनात, डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे 11 मैलांच्या चढणीवर: बाहेर 100 अंश फॅरनहाइट, आत एसी पूर्ण जोरात, तरी हाफ टन ट्रकचा वेग ताशी 40 मैलांच्या खाली जाता कामा नये.

टोयोटाने 2011 च्या टुंड्राला हे मानक आधी लावलं आणि तिचे आकडे काही शे पौंडांनी खाली आले. ट्रक बदलला नव्हता. अमेरिकन तिन्ही कंपन्यांचे हाफ टन ट्रक या रांगेत यायला 2015 चं मॉडेल उजाडलं. मधेच, ऑक्टोबर 2012 मध्ये, लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून एंडेव्हर अंतराळयान संग्रहालयात नेताना एका पुलावर ते टुंड्रानेच ओढलं. यान आणि खालचा चाकांचा गाडा मिळून सुमारे 130 टन. टुंड्राची अधिकृत क्षमता साडेचार टनांच्या आसपास. कॅमेऱ्यासमोर, मुंगीच्या गतीने. पुन्हा एकदा सायकल आणि एअरस्ट्रीम.

तर 1971 च्या ट्रकला आजच्या अर्थाने अधिकृत आकडा असणं शक्यच नाही, कारण तो मोजायची सर्वमान्य रीत 37 वर्षांनी जन्मली. पण 'आकडा नाही' एवढं सांगून सुटता येत नव्हतं. त्या गृहस्थांना दोन नातवंडांना शेजारी बसवून 4,000 पौंडांचा कॅम्पर ओढत कोलोराडोच्या डोंगरात जायचं होतं. त्यांच्या ट्रकखाली 5,000 पौंडांचा हिच आहे, तसा छापील स्टिकरही त्यावर आहे, आणि त्यांचा सगळा भरवसा त्या स्टिकरवर होता. स्टिकर हिचपुरता खरा आहे. ट्रकबद्दल तो काहीच बोलत नाही.

म्हणून मी कागदावर मांडून दिलं. पट्टीवर 5,000 पौंड. वजनकाट्यावर रिकामा ट्रक, पेट्रोलसकट, 3,700. उरले 1,300. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवरून ट्रकवर येतो, म्हणजे 400 ते 600. उरलेल्यात तीन माणसं आणि सामान. इथवर गणित बसतं, अगदी ठीक बसतं. मग खाली ब्रेक लिहिले: चारही चाकांना ड्रम. ड्रम ब्रेक लांब उतारावर तापले की पकड सोडू लागतात. एफ-100 ला पुढे डिस्क ब्रेक 1973 च्या नव्या पिढीत आले. बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांच्या आसपासच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे असतात. त्यांच्या कॅम्परला ते होते, पण ट्रकमध्ये ते चालवणारा कंट्रोलर कुणी कधी बसवलाच नव्हता. मी सगळ्यात शेवटी ही ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

त्यांनी कागद दोनदा वाचला. कॅम्पर भावाला दिला, आणि हौद्यात एक तंबू, शेगडी आणि दोन लहान सायकली टाकून जुलैमध्ये ते डोंगराकडे निघाले. तीनशे पौंडही भरलं नसेल.